पिकायची वाट पाहिलेले डोळे

सुबराव वडगावचा विणकर. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. माणूस वाईट नव्हता. शहाणा होता, ते जास्त वाईट. आई लवकर गेल्यावर थोरल्या बहिणीनं, अक्काताईनं, त्याला वाढवलं. पुढं विधवा होऊन ती माहेरी आली आणि त्याच्याच मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागली.

तिचा पाय तांब्याला लागे, खांदा दाराला धडके. पण तुटलेला धागा समोर धरून असा जोडी, की गाठ शोधून सापडू नये. सुबरावला वाटे, हिचं लक्षच नाही. "सूत दिसतंय आन् तांब्या दिसत न्हाय व्हय गं आक्का?" तो चारचौघांत म्हणे. ती ओशाळून हसे आणि सांडलेलं पाणी पुसून घेई.

"सुबा, बाजूचं कायबी दिसंना झालंय रं," एकदा ती म्हणाली. "मिरजेला दाखवून येऊ या."

"मोतीबिंदू असंल. पिकू दे, मग काढू."

आळीत सगळे तेच करत. बुबुळ पांढरं झाल्याशिवाय दवाखान्याची पायरी कोण चढतो? त्यात लग्नसराईची लुगडी मागावर होती. ती लग्नसराई गेली, पुढचीही गेली. बुबुळ पांढरं होईना आणि सुबरावला तेवढं निमित्त पुरे. मग एका सकाळी अक्काताईला हातातली कांडीच दिसेना.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला निजवलं, डोळे बधिर करून त्यांवर छोटं यंत्र टेकवलं.

"हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली शीर सुकते. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, मग समोरचं. गेलेलं परत येत नाही. वेळेवर आणलं असतं, तर उरलेलं राखता आलं असतं." मग ते सुबरावकडे वळले. "हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आता तुम्ही निजा."

त्याच्याही डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. पण लवकर सापडला होता. रोज थेंब घातले आणि नेमानं तपासून घेतलं, तर नजर टिकणार होती. सुबरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तो तपासणी कधी चुकवत नाही. तो मिरजेला निघाला, की अक्काताई कट्ट्यावर बसून शेजारणींना कौतुकानं सांगते, "माजं डोळं गेलं म्हनून माज्या सुबाचं ऱ्हायलं. देवानं लई बरं केलं."

देवाचा त्यात काही हात नव्हता, हे सुबरावला पक्कं ठाऊक आहे. ते तिला सांगायचा धीर त्याला अजून झालेला नाही.