मोठी आई रडली नव्हती

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची छोटी गाडी गोऱ्या साहेबांनी कापूस ओढून न्यायला सुरू केली होती. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला, गाडी गोरगरिबांच्या वाट्याला आली आणि तिच्याकडे धड पाहायचं सगळ्यांनी सोडून दिलं. वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, एवढंच. स्टेशनं ओस पडली. तिकिटं गार्डच द्यायचा, वाटेतलं फाटकही तोच उतरून लावायचा.

माझी थोरली काकू, आमची मोठी आई, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. मोठे बाबा लवकर गेले. सीताफळाच्या दिवसांत ती टोपल्या घेऊन गाडीत बसायची आणि यवतमाळच्या बाजारात फळं विकून यायची. टोपली चढवायला गार्ड हात लावायचा. त्याच कमाईवर तिने दोन्ही मुली शिकवल्या.

मग एक दिवस गाडी आलीच नाही. तात्पुरती बंद आहे, मोठ्या गाडीचे रुंद रूळ टाकायचे आहेत, असं लोकांनी सांगितलं. स्टेशनवर सांगायला कुणी नव्हतंच. एसटीच्या कंडक्टरने टोपल्या चढवू दिल्या नाहीत. तेव्हापासून व्यापारी दारात येतो आणि तो म्हणेल त्या भावात फळं नेतो. रुळांवर बाभळी माजल्या, तरी गाडी अजून तात्पुरतीच बंद आहे.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळात गाडीच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. जुनी प्रवासी म्हणून मोठ्या आईला बोलावणं आलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यासोबत आली. मंचावर निवेदक म्हणाला, "आजी, गाडीच्या गोड गोड आठवणी सांगा."

"आठवणी कायले सांगू?" मोठी आई म्हणाली. "गाडी बंद आहे, मेली नाही. थे कधी सुरू करून राह्यले, हे सांगा."

लोक हसले. पाहुण्यांपैकी एक साहेब म्हणाले, "मागणी वर पाठवली आहे, आजी. आजचा कार्यक्रम वेगळा आहे." माइक तिच्या हातातून काढून घेतला आणि खांद्यावर शाल टाकली. मी उठून म्हणाले, "तिने विचारलं त्याचं उत्तर द्या." मला खाली बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, आठवणींनी गहिवरलेल्या आजीबाई. मी पेपरच्या कचेरीत फोन करून दुरुस्ती छापा म्हटलं. "फोटो चांगला आला ना, मॅडम?" पलीकडचा माणूस म्हणाला. दुरुस्ती शेवटपर्यंत छापली नाही.

मोठ्या आईला मी ते वाचून दाखवलं. तशी ती म्हणाली, "मी कुठं रडली वं? मले तं राग आलता."

यंदा तिने शेजारच्या दोघींना घेऊन मालवाहू ऑटो ठरवला. फळं बाजारात पोचतात, पण हाती येतं त्यातलं बरंच भाड्यात जातं. "व्यापाऱ्यापरीस बरं," ती म्हणते. माझा मात्र संताप अजून उतरलेला नाही.