विमानाची भीती

मंडळी, आज जयनगरला नोटरीसमोर बसून लेकीच्या परदेश प्रवासाच्या संमतीपत्रावर सही केली. मी आणि तिची आई वेगळे राहतो. सिंगापूरला तिच्या मावशीचं लग्न आहे आणि आमची नऊ वर्षांची ईरा करवली होणार आहे.

खरं सांगतो, ही सही मीच महिनाभर लांबवली. "स्वल्प थांब, ऑफिसात गडबड आहे," म्हणत राहिलो. गडबड कसली डोंबलाची! मला न विचारता तिकिटं काढली, याचा राग होता.

सही झाल्यावर तिची आई म्हणाली, "आता हिलाच समजाव. महिनाभर एकच धोशा, विमानाची भीती वाटते, जायचं नाही म्हणते."

मी चक्रावलो. मागच्याच वर्षी विमानात खिडकीच्या जागेसाठी हीच पोर माझ्याशी भांडली होती.

बाहेर एळनीर पिताना तिला हळूच विचारलं. शहाळ्यातली स्ट्रॉ चावत ती म्हणाली, "मला वाटलं, मीच नको म्हटलं तर आईला तुझी सही मागावी लागणार नाही. मग तुम्ही भांडणार नाही."

मला तिच्याकडे बघवेना.

तुमच्याही घरातल्या एखाद्या लेकराला अलीकडे अचानक कशाची तरी भीती वाटायला लागली आहे का?