साडीगार्ड नसलेली गाडी

मला समुद्र बघायचा होता आणि तो मोटारसायकलवरूनच बघायचा होता. रेल्वेनं जाता येतं, एसटीनंही येतं, हे मला मेव्हण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं. पण एसटी मला हवं तिथं थांबत नाही. मला वाटेत एखाद्या करडईच्या शेताशी उगीच उभं राहायचं होतं, घाटात गाडी कडेला लावून खाली बघायचं होतं. आणि मागं बायको हवी होती. ती नसेल तर समुद्रही नको, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तिला विचारलं की ती म्हणायची, आधी गाडी तर बघा. त्यात होकार आहे की नकार, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

तिचं कुठं अडत असेल, याचा थोडा अंदाज मला होता. लग्न नवं होतं तेव्हा एकदा तुळजापूरहून येताना रस्ता इतका उखडलेला होता, की ती गाडीवर माझ्या मागं साडी सावरून दोन्हीकडं पाय टाकून बसली. गावात शिरताना पारावरून माझे चुलते चारचौघांत म्हणाले, "गड्यावानी काय बसलीस?" बस्स, तेवढंच. तेव्हापासून ती एका बाजूला बसते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पदरावर. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, तिच्या अंगणवाडीच्या मीटिंगा, सगळं तसंच. चुलते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एका बाजूला बसून कळंबहून बार्शी गाठता येते, पण कोकणात उतरायचं म्हणजे कंबरेचा भुगा होईल.

मी इथं कळंबच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. दुपारी तिथं पंखा आणि मी, दोघंच. समोरच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे आणि त्याच्या डाव्या कडेला निळा पट्टा. ऊन खिडकीतून सरकत त्या पट्ट्यावर आलं, की माझे डोळे मिटायला लागायचे. मग मी निघायचोच. बार्शी मागं पडायची, कोल्हापूर मागं पडायचं, रस्ता लाल व्हायचा, हवेला ओलसर वास यायचा आणि खांद्यावर तिचा हात असायचा. कुणीतरी पुस्तक बदलायला यायचं आणि मी घाटातून थेट टेबलावर. गाडी घेतलेली नव्हती आणि मुक्काम कुठं करायचा ते ठरलेलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

घरी जुनी मोपेड होती, ती चढावर एकट्यालाही कुरकुरायची. नवी गाडी आवाक्यातली नव्हती. तेव्हा जुनीच, पण रस्त्यात दगा न देणारी, आणि जिचे पार्ट कुठल्याही गावच्या गॅरेजात मिळतील अशी साधी गाडी हवी होती. दर रविवारी आम्ही बघायला जायचो. बायकोही यायची, पण बोलायची नाही. मी गुडघ्यावर बसून चेन बघायचो, ती लांब उभी राहून आभाळ बघायची.

धाराशिवच्या एका विक्रेत्याकडं आरशासारखी पुसलेली गाडी होती. मीटर म्हणत होतं फार फिरलेली नाही, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पार गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. मी तसं म्हणालो, तर त्यानं मला चहा पाजला. मुरुमला एक पोरगेलासा मालक भेटला. आपला तो बाब्या, तशी त्याची गाडी. आम्ही पोचण्याआधीच त्यानं ती तापवून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या किकला चालू होतं का, ही खरी परीक्षा, आणि तीच त्यानं पुसून टाकली. मला राग आला. परतताना एसटीत मी बराच वेळ धुसफुसत होतो. बायको खिडकीशी डोळे मिटून बसली होती. ती झोपली नव्हती, हे मला पदराशी चाळा करणाऱ्या तिच्या हातावरून कळत होतं.

मग कुणीतरी भूमकडच्या एका खवेवाल्याचं सांगितलं. त्यानं टेम्पो घेतला होता आणि मोटारसायकल विकायची होती. मला हे एकदम पटलं. खवा थांबत नाही. पहाटे बाजार गाठायचा चुकला की माल आंबायला लागतो. ज्या गाडीवर रोज खवा गेला, ती गाडी रोज चालू झालीच असणार.

आम्ही गेलो तेव्हा भट्टी पेटलेली होती. कढईत दूध आटत होतं आणि सगळ्या अंगणावर गोड, धुरकट वास पसरला होता. मला वाटलं मी अजून ग्रंथालयातच डुलक्या घेतोय. गाडी लिंबाखाली उभी होती. पेट्रोलची टाकी रंग उडालेली, मागं कॅन अडकवायचे लोखंडी हूक. मी इंजिनावर हात ठेवला. गार होतं. पहिल्या किकला चालू झालं आणि धूर निळा नव्हता, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नव्हतं. मला तिथंच समुद्र दिसायला लागला.

तेवढ्यात मागची डावी बाजू दिसली. कॅन बसावा म्हणून साडी चाकात जाऊ न देणारं साडीगार्ड कापून टाकलेलं होतं. तिथं नुसतं चाक होतं. एका बाजूला बसून पाय ठेवायला हिला जागाच नव्हती. खवेवाला म्हणाला, काळजी करू नका, उद्या वेल्डिंगवाल्याकडनं नवं बसवून देतो, त्याचे पैसे मीच भरतो. मी हो म्हणणार, तोच बायको पुढं आली.

"बसवू नका," ती म्हणाली. "लांबचं हाय. म्या दोन्हीकडं पाय टाकून बसते."

भट्टीपाशी खवेवाल्याचे म्हातारे वडील उलथणं फिरवत होते. त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही, मला भीती वाटली. बायकोनं पदर खोचला, माझ्या खांद्याला धरलं आणि सगळ्यांदेखत पाय पलीकडं टाकला. साडी पोटरीपर्यंत वर गेली. ती तिनं सावरली आणि ताठ बसली.

"पाय टेकत्यात का, पोरी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"टेकत्यात की," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा दूध ढवळायला लागला. मी विसार देऊन सौदा पक्का केला. मग आम्ही एसटीच्या थांब्याकडं चालत निघालो. वाटेत ती म्हणाली, दोन पंजाबी ड्रेस शिवून घ्यावे लागतील. मी म्हणालो, उद्याच टाकू शिवायला. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "समुद्र किती लांब हाय म्हनला?"

इतक्या दिवसांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.