बदकाची पाच पिल्लं आणि माझा डिंक

आमच्या घरात काही फाटलं, की आधी संशयित शोधला जातो आणि मग डिंक. ही दोन्ही खाती माझ्याकडे. मी सरकारी कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात होते. फाटका कागद दिसला की माझे हात शिवशिवतात आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटायला लागतं.

तेव्हा आम्ही वारज्याला नवीनच राहायला गेलो होतो. दर इमारतीतला एक तरी मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेत, आणि येताना सगळ्यांना चॉकलेटं. त्यातल्या एकाने चॉकलेटांऐवजी शेजारच्या सोसायटीतल्या बालवाचनालयाला जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं आणून दिली. वाचनालय चालवायच्या करमरकरबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. दर शनिवारी चार वाजता त्या गोष्ट सांगायच्या. सतरंजीवर वीस मुलं मावायची; एकविसावं दाराबाहेर. आमच्या साडेचार वर्षांच्या मुक्ताला आठ महिने थांबून जागा मिळाली होती. दारावर पाटी होती : ‘पुस्तक फाडल्यास नाव कमी केले जाईल. कारण सांगू नये.’

एका आठवड्यात बदकाचं पुस्तक मुक्ताकडे आलं. ज्याच्या घरी पुस्तक, त्याने शनिवारी बाईंशेजारी बसून गोष्ट सांगायची, अशी तिथली पद्धत. मुक्ता आठवडाभर जमिनीवर नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मी पुस्तक तपासायला घेतलं (मी सगळंच तपासते) आणि गार पडले.

पानोपानी कापलेलं! कपाटाचं दार तीन बाजूंनी कापलेलं, बादली अर्धी सुटलेली, पलंगावरची चादर लोंबतेय. आत दुसरा कागद आणि त्यावर काहीतरी पिवळं. दोन कागद चिकटवलेले होते आणि कोणीतरी वरचा उचकटला होता, हे माझ्यासारख्या अनुभवी बाईला लगेच समजलं.

काप अगदी सरळ होते, म्हणजे लहान हाताचं काम नव्हे. घरात ब्लेड वापरणारा माणूस एकच : पेपरातली शब्दकोडी कापून जमवणारे आमचे यजमान.

“अहो, हे तुम्ही कापलंत?”

“मी फक्त कोडी कापतो.”

“चुकून कापून विसरला असाल.”

“तसं असेल तर आडवे-उभे शब्द बघ कुठे सापडतात का,” असं म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले. सरळ उत्तर न देणं हाही पुरावाच, म्हणून मी तो ध्यानात ठेवला.

मग मुक्ताला समोर बसवलं. हे तू उघडलंस का, विचारलं. तिने अभिमानाने हो म्हटलं. कशाला? तर पिल्लं बघायला. आणि उघडायला कोणी सांगितलं?

“बाईंनी.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंनीच! आधीच फाटलेलं पुस्तक आमच्या गळ्यात मारायचं, शनिवारी सगळ्यांसमोर ते बाहेर काढायचं, आमचं नाव कमी करायचं आणि ती जागा कुणा ओळखीच्याला द्यायची. बाई मला पहिल्या दिवशीच जरा जास्त गोड वाटल्या होत्या.

भांडून उपयोग नव्हता. कारण सांगू नये, असं पाटीवरच होतं. मी डिंकाची बाटली काढली. कपाट, बादली, चादर, टोपली, मोरीचं दार, सगळं कडेकडेने बसवलं आणि वर गव्हाचा डबा ठेवला. मुक्ता रडत होती, “पिल्लं आत आहेत.”

“असू देत. ती बाहेर आली तर तुझं नाव जाईल,” मी म्हटलं.

काम इतकं सुबक झालं होतं, की कचेरीत कौतुक झालं असतं.

शनिवारी आया मागच्या बाकावर आणि मुलं सतरंजीवर बसली. बाईंनी पुस्तक उघडलं. इंग्रजी पुस्तक त्या मराठीतून सांगायच्या. बदकाला पिल्लं सापडत नाहीत, कुठे बरं लपली असतील? “मुक्ता, कपाट उघड.”

मुक्ताने नख लावलं. कपाट ढिम्म. बाईंनी स्वतः नख लावलं. मग बादलीला, मग चादरीला. मग पट्टी आणून मोरीच्या दारात घालायचा प्रयत्न केला. बाकीची मुलं माना लांब करून बघत होती. आता कुठे माझ्या लक्षात यायला लागलं, की ही दारं दारंच होती, मुलांनी उघडून बघायला मुद्दाम कापलेली. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

“मुक्ता, हे कोणी चिकटवलं?”

“आईने. ती म्हणाली, पिल्लं बाहेर आली तर माझं नाव जाईल.”

सगळ्या आया माझ्याकडे वळल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“आपण काय करता?”

“सरकारी नोकरी.”

“तरीच,” बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. माझं काय करायचं ते करा, पण मुलीचं नाव राहू द्या, एवढं कसंबसं बोलले. बाईंनी मला हातानेच बसवलं आणि मुक्ताला विचारलं, “कुठे कोण आहे, आठवतंय तुला?”

मुक्ताला सगळं पाठ होतं. कपाटात मोजा घातलेलं, बादलीत साबण लागलेलं, चादरीखाली घोरणारं... बंद दारांवर बोट ठेवत तिने पाचही पिल्लं सांगितली. मुलांना त्यात जास्तच मजा आली. एकाने तर मोरीतल्या पिल्लाला हाकही मारली.

शेवटी बाईंनी निकाल दिला. मुलीने काहीच फाडलेलं नाही, तेव्हा तिचं नाव राहील. आईला मात्र पुस्तक हाताळायचं शिक्षण हवं. तिने पुढचे चार शनिवार सतरंजीवर, पहिल्या रांगेत बसावं.

मी बसले. मांडी घालून, दोन्ही बाजूंना नाक ओढणारी मुलं. चौथ्या शनिवारी माकडाचं पुस्तक होतं आणि पानावर एक भलीमोठी पेटी. आत काय असेल, मला राहवेना. माझा हात आपोआप वर गेला.

“बाई, मी उघडू?”

बाईंनी पुस्तक माझ्यापुढे केलंसुद्धा. तेवढ्यात मुक्ता मध्ये आली.

“बाई, आधी तिचे हात तपासा. डिंक असेल.”