देवाचं पाणी कुठं जातं?

बकुळा शितोळेवर काही लिहून द्या, असं आमच्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी मला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं. मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी तरी लिहील आणि नुसती आरती ओवाळेल, ते मला चालणार नव्हतं. शिवाय तिला माझ्याइतकं बारीक कुणी बघितलेलंही नाही. माणूस ज्याच्यावर जळतो ना, त्याच्या चपलेचा अंगठा कुठं तुटलाय हेसुद्धा त्याला पाठ असतं.

बकुळाचा डाव्या पायाचा तुटलाय. सुतळीनं बांधलाय.

माहेर गरौठ्याचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या दतिया गेट मोहल्ल्यात आली, नीलकंठ शितोळेची बायको म्हणून. नीलकंठ रेल्वेच्या कारखान्यात फिटर. गल्लीतले जुने घरमालक आबासाहेब, त्यांच्या घरामागच्या खोलीत दोघं भाड्यानं राहायची. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. ‘हो’ म्हणायच्या जागी ‘हओ’ कधी येतं ते तिलाही कळत नाही. आवाज असा की पलीकडच्या खोलीतून ऐकू येऊ नये. अशी बाई माझ्या आड कधी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या रेल्वेच्या संपात वीस दिवस कारखाना बंद होता. मी फाटकाबाहेर बायका जमवून घोषणा देत होते, संपवाल्यांना पाणी पाजत होते. नीलकंठ सकाळी तासभर येऊन बसायचा आणि दुपारी घरी जाऊन काहीतरी ठोकत बसायचा. एकदा मी बघायला गेले. कबाड्याच्या भंगारातून आणलेली पितळेची हातभर नळी, तिच्या बगलेला स्टोव्हला असतो तसा हवा भरायचा दट्ट्या, खाली रबराची वाटी आणि वर एक खटका.

मी म्हटलं, “नीलकंठराव, बाहेर दुनिया पेटलीय आणि तुम्ही पिचकारी करताय?”

तो हसला. “ताई, घोषणेनं मोरी उघडत नाही.”

चार वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकून होतं.

पिचकारी मात्र चालली. मोरी तुंबली की तिच्या तोंडावर थोडं पाणी राहू द्यायचं, रबराची वाटी दाबून बसवायची, वीस-बावीस दट्टे हवा भरायची आणि खटका ओढायचा. धप्प! कोंडलेली हवा पाण्याला असा धक्का देते की आतला बोळा फुटून गल्लीच्या नालीत जातो. नीलकंठनं ती घरच्या मोरीसाठी केली होती. दोन वर्षांनी तो काविळीनं गेला. बकुळानं तेरावा होऊ दिला, पिचकारीचा तो पंप फडक्यात गुंडाळला आणि शेजारच्या घरी गेली. मग त्याच्या शेजारच्या. मग सगळ्या गल्लीत.

आता माझं ऐका. दतिया गेट नाली सुधार समिती मी काढली. अकरा वर्षं मी तिची अध्यक्ष. शाळा मी चौथीत सोडली. अर्ज लिहायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. कचेरीत माझी पिशवी दिसली की बाबू लोक चहा अर्धा टाकून उठायचे. कुणाची मोरी तुंबली तर लोक माझ्या दारात यायचे, “कंचन जिज्जी, कुछ करो!” मी चार बायका घेऊन जायचे, आरडाओरडा करायचे, आणि चार-सहा दिवसांनी कुणी तरी बांबूची खपची, लांब कामटी, घेऊन यायचं. चार-सहा दिवस लागायचे, कबूल. पण लोक माझ्या दारात यायचे.

बकुळा फिरायला लागली आणि माझं दार ओस पडलं. माझी सख्खी शेजारीण माझ्या उंबऱ्यावरून, माझ्याकडे न बघता, बकुळाला बोलवायला गेली. मी दारातच तांदूळ निवडत होते. ताट तसंच ठेवून आत गेले.

आणखी एक गोष्ट मला जाळायची. तीही लिहिते, कारण ती खरी आहे. खपचीवाला सफाईवाल्यांच्या वस्तीतून यायचा तेव्हा त्याला मागच्या दारानं घ्यायचे आणि ओंजळीत वरून पाणी ओतायचे. बकुळा शितोळ्यांची सून, म्हणून ती पुढच्या दारानं जायची आणि तिला कपबशीत चहा मिळायचा. घाण तीच, मोरी तीच. मी हे बैठकीत उभं राहून बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बकुळालाच बोलावलं, कपबशी धुऊन ठेवून.

पण सगळ्यात जास्त चीड यायची ती तिच्या एका प्रश्नाची. मराठी घरात शिरली की ती मोरीकडे बघायचीच नाही. घरच्या म्हातारीकडे जायची, वाकून नमस्कार करायची आणि विचारायची, “काकू, देवाचं पाणी कुठं जातं?” म्हाताऱ्या विरघळायच्या. “बघ गं, मोरीला आली तरी आधी देवाची चौकशी!” मग म्हातारी तिला हात धरून देवघरात न्यायची, काय काय दाखवायची, आणि बकुळा ओल्या चिंध्या घेऊन तिथं पुसल्यासारखं काहीतरी करायची. मला वाटायचं, काय पक्की आहे ही! म्हाताऱ्यांना गुंडाळायची काय युक्ती काढलीय! शेजारच्या हिंदी घरांत ती देवाचं विचारायची नाही, तिथं विचारायची, “नहाना कहाँ होता है? बरतन कहाँ धुलते हैं?” हेही मी ऐकलं होतं. ऐकून मला काहीएक समजलं नव्हतं. रागात माणसाचे कान उघडे असतात, डोकं बंद असतं.

अठ्ठ्याहत्तर साली, गणपतीच्या आधी, मी समितीची बैठक बोलावली आणि ठराव मांडला. पंप एका बाईच्या खाजगी मालकीचा असू नये. उद्या ती आजारी पडली तर? पंप समितीकडे जमा व्हावा, चालवायला सगळ्यांनी शिकावं. भाषण फर्डं झालं. तत्त्वाचं एक बरं असतं, त्याच्या पदराखाली काहीही झाकता येतं.

बकुळा उठली. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत उठली असेल.

“कांचनताई, हा पंप ह्यांच्या हातचा आहे. ह्यांनी दुसरं काही मागं ठेवलेलं नाही. आणि माझी चूल ह्याच्यावर आहे.”

“चूल तुझी राहीलच गं. समिती बघेल.”

“समिती म्हणजे तुम्हीच ना?”

कुणीतरी मागं खुसखुसलं. माझं तोंड लाल झालं. आबासाहेब खुर्चीत बसले होते. सत्तरी उलटलेले, आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवण्यात मजा घेतलेले. ते म्हणाले, “भांडू नका. आमच्या स्वयंपाकघरातली मोरी तीन दिवस तुंबलीय. कांचन, तू उद्या उघडून दाखव. उघडली तर पंप समितीचा. नाही उघडली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. काय बकुळा?”

ती त्यांच्याच खोलीत राहायची. नाही म्हणायला तिच्याकडे जागा कुठं होती? तिनं हातातलं फडकं घट्ट पिळलं, जणू ओलंच आहे. “हओ,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून हजर. गल्लीतल्या सात-आठ बायका बघायला. आबासाहेबांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, गणपतीसाठी देवघराला नुकताच चुना दिला होता. सगळे देव चिंचेनं घासून नव्या लाल कापडावर ओळीनं मांडले होते; सोन्यासारखे चमकत होते. देवघर स्वयंपाकघराला लागूनच, मध्ये एक भिंत. कमळाबाई देवघराच्या दारात उभ्या, कुणी सोवळं मोडू नये म्हणून पहाऱ्यावर.

बकुळानं पंप माझ्या हातात दिला. देताना बोटं एकदम सोडली नाहीत. मग चिंध्यांचं गाठोडं घेऊन भिंतीशी उभी राहिली.

“ताई, आधी एकदा देवाचं...”

“बकुळा,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “देवाला मध्ये आणू नकोस. ही मोरी आहे, देऊळ नाही.”

बायका हसल्या. फार दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं होतं. ते हसू मला इतकं गोड लागलं की काय सांगू! ती बावीस दट्टे मारते, मी चाळीस मारले. वाटी मोरीच्या तोंडावर बसवली, गुडघा टेकला आणि खटका ओढला.

धप्प!

मोरीतलं काळं पाणी एकदा थरारलं आणि होतं तिथंच राहिलं. एक क्षण काही नाही. मग भिंतीपलीकडे कुणी घसा खाकरावा तसा आवाज आला, आणि कमळाबाईंची किंकाळी.

“कांचन! अगं माझे देव!”

आमच्या लोकांच्या घरांत देवांच्या स्नानाचं पाणी पायाखाली येऊ देत नाहीत. म्हणून देवघराच्या कोपऱ्यात बोटभर भोक असतं. पूर्वी त्यातून पाणी अंगणातल्या तुळशीला जायचं. पुढं घरात नळ आले, तुळस डब्यात गेली, आणि नळ टाकणाऱ्यानं ते भोकही स्वयंपाकघराच्या पाइपाला जोडून दिलं. दिसत नाही, कुणाच्या ध्यानात नसतं; रोज पूजा करणाऱ्या बाईला तेवढं ठाऊक असतं. आणि हवा मोठी हुशार. पुढं बोळा आणि मागं उघडं भोक असलं की ती बोळ्याशी कशाला झटेल?

तीन दिवसांची पेज, तेल आणि चहाची पत्ती त्या भोकातून छताला लागली होती. नवा चुना काळा. बाळकृष्णाच्या डोक्यावर पत्ती, अन्नपूर्णा आंबलेल्या भाताखाली दिसेना. बायका ओरडत अंगणात पळाल्या. आबासाहेब काठी टेकत आले, त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता अर्ज कुणाकडे करणार, कांचन? गणपतीकडे?”

मी बकुळाकडे बघितलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. मी तिथंच तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती हसली नाही. चिंध्या भिजवल्या, त्यांचा नारळाएवढा गोळा केला आणि धरायला माणूस शोधू लागली. कमळाबाई पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. बाकी कुणी घाणीजवळ येईना.

“ताई, हे त्या भोकावर दाबा. दोन्ही हातांनी.”

मी त्या चिखलात उकिडवी बसले आणि दाबलं. भिंतीपलीकडून दट्ट्याचा आवाज येत होता. मोजला. बावीसच.

“धरलंय?”

“धरलंय!”

“सोडाल?”

“नाही सोडणार गं, मार!”

धप्प! माझ्या तळहातांखाली, आतून कुणी दार ढकलावं तसा धक्का बसला. मी सगळं वजन टाकलं. हवेनं एकदा जोर केला, मग मागं फिरली आणि गेली. पलीकडं मोरी गुडगुड करून रिकामी झाली.

दुपारपर्यंत आम्ही दोघी देव घासत बसलो.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगत होते.”

“ओरडून सांगायचं!”

“तुमच्यापुढं?” ती म्हणाली, आणि अन्नपूर्णेच्या पळीतला भात काडीनं काढू लागली.

थोड्या वेळानं मी विचारलं, “नीलकंठरावांनी शिकवलं होतं हे?”

“छे. त्यांना कुठलं ठाऊक! माझ्या हातून झालं पहिल्यांदा, गरौठ्याला, माहेरी. खंडोबाचा टाक पार दरवाजापर्यंत उडाला. वहिनी अजून बोलत नाही माझ्याशी.”

म्हणजे चूकसुद्धा तिनं माझ्याआधी केली होती! तेवढीही माझी म्हणून राहिली नाही.

पंपाचा विषय मी पुन्हा काढला नाही. पंप तिच्याकडेच आहे. रबराची वाटी दोनदा बदलली. त्या दिवसापासून मराठी घरात जायचं असलं की ती मला हाक मारते, चिंध्यांचा गोळा धरायला. दुसरं कुणी दोन्ही हातांनी धरत नाही, असं म्हणते. मी जाते. लोक म्हणतात, “बकुळाबाई आल्या, बरोबर कांचनताईपण आहेत.” नावांचा क्रम माझ्या ध्यानात राहतो. चहाची पहिली कपबशी तिच्यापुढं जाते, हेही. खपचीवाल्याला मात्र अजून कपबशी मिळालेली नाही, आणि ती मिळावी असा ठराव मी दर बैठकीत मांडते. आता बकुळा हात वर करते. एकटीच करते, पण करते.

मागच्या महिन्यात मोठ गावाहून बोलावणं आलं. बसनं गेलो. घरात एक ऐंशीची म्हातारी. बकुळा नेहमीसारखी वाकली आणि थांबली. मागं वळून म्हणाली, “ताई, आज तुम्ही विचारा.”

मी विचारलं, “आजी, देवाचं पाणी कुठं जातं?”

म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. “किती जाणती गं तू! आजकाल कोण विचारतं?” मला देवघराकडे घेऊन निघाली. दारातून मी मागं बघितलं. बकुळा मान खाली घालून दट्टे मारत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते दिसलं नाही. दट्टे मात्र जरा जोरात पडत होते.

जळू दे की थोडी.