फ्रिजवरचा कागद

द्वादशीच्या सकाळी उपास सोडायला मी पानं वाढली, तेवढ्यात कुत्रा उठून देवघरापाशी गेला. तिथे त्याचे मागचे पाय दुमडले आणि त्याने बसल्या जागी मूत सोडलं. काळपट लाल, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं. मग तो त्यातच आडवा झाला. मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या.

"अगं, देवाजवळ!" हे म्हणाले. "आधी पुसून घे ते."

हे म्हणजे माझे यजमान. यांचे आजोबा बडोद्याच्या राजांच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि तो हुद्दा अजून आपल्याच घरात आहे अशा थाटात हे बोलत. मी पुसलं नाही. कुत्र्याला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि म्हटलं, "रिक्षा आणा. नाहीतर मी अशीच चालत निघते." वरणभात पानात तसाच राहिला.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता, गुजराती. त्याने हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, पायाला सलाईन लावलं आणि मग विचारलं, "माजी, शुं खवडाव्युं एने?" काय खायला घातलंत याला?

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "शुद्ध शाकाहारी. आमच्याकडे दुसरं काही येतच नाही."

"शाकाहारी म्हणजे काय काय?"

मी सांगितलं. कांद्याचं थालीपीठ, कांद्याची भजी, भरले कांदे, कांदेभात. तीन दिवसांपूर्वी आमची कांदेनवमी झाली होती. आषाढी एकादशीपासून चार महिने आम्ही कांदा-लसूण खात नाही, म्हणून आदल्या नवमीला सगळं कांद्याचंच करायचं आणि पोटभर खायचं. बडोद्यातल्या मराठी घरांतून अजून पाळतात.

"तुमच्यात कांद्याचा पण सण असतो?" डॉक्टरने विचारलं. पण तो हसला नाही. "कांदा कुत्र्याला विष आहे, माजी. आतल्या आत रक्त फुटतं. हे जे लाल पाहिलंत ना, ते तेच. चार-पाच दिवस रोज आणा. जगेल की नाही, आज सांगत नाही."

आता हा कुत्रा कुठून आला ते सांगते. मला कुत्र्याची हौस नव्हती. माझ्या माहेरी कुत्रे अंगणात असत आणि मिळेल ते खाऊन जगत. हा पांढऱ्या झुबकेदार केसांचा, मांजराएवढा, मुलाने नातीसाठी विकत आणला. आम्ही नागरवाड्यातली जागा सोडून वासण्याला फ्लॅट घेतला त्याच वर्षी. दोन वर्षं नातीने त्याला खेळवलं. मग मुलाला कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला जायचं निघालं. बायको आणि मुलगी घेऊन तो गेला आणि कुत्रा आमच्यापाशी ठेवला. "आई, सहाच महिने," म्हणाला. सहा महिन्यांनी म्हणाला, "आई, इथे आणणं फार कटकटीचं आहे."

ते गेले आणि कुत्र्याने खाणं टाकलं.

दूध-पोळी घातली, नाक लावून मागे सरला. दहीभात घातला, दह्याचं पाणी चाटलं आणि भात ठेवला. खिचडी, भाकरी, टोस्ट, बिस्किटं, शिरा. पुरणसुद्धा घातलं. प्रत्येक वेळी तो वाटीजवळ यायचा, वास घ्यायचा, माझ्याकडे असा बघायचा की मीच काहीतरी चुकले, आणि जाऊन सोफ्याखाली बसायचा. दोन-तीन दिवसांनी कधी दोन घास खायचा, तेवढ्यावर जगत होता. खालच्या मजल्यावरच्या बेन रोज रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोटल्या घालत. त्या एकदा तूप लावून गरम रोटली घेऊन वर आल्या. त्याने ती तोंडात घेतली, गॅलरीत नेली आणि कुंडीत पुरली.

"काकी, आ तो राजा छे," बेन म्हणाल्या.

"राजे गेले," मी म्हटलं. "त्याला कोणी कळवलं नाही."

अलकापुरीतल्या एका दुकानातून मी कुत्र्यांसाठी मिळतं ते पाकिटातलं खाणंही आणलं होतं. मुलानेच फोनवर सांगितलं म्हणून. यांनी चष्मा लावून पाकिटावरचं इंग्रजी वाचलं. कोंबडी आहे यात, म्हणाले. पाकीट न फोडता कचऱ्यात गेलं. "आपल्या घरात राहतो तर आपलं खाईल. भूक लागली की खातो बरोबर." आणि पेपर वर धरला.

भूक लागली की खातो म्हणे. चाळीस वर्षं यांना मी पानावर बसल्यावर गरम पोळी वाढली. भूक लागून स्वतः उठून वाढून घेतलंय असं एकदा पाहिलं असतं तर मी ते ऐकून घेतलं असतं.

आता कागदाचं. सून जाताना एक कागद लिहून गेली होती आणि फ्रिजच्या दाराला आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाने लावून गेली होती. ओळीखाली ओळ, सगळं इंग्रजीत. निघायच्या घाईत तिने मला सांगितलं, "आई, यात सगळं लिहिलंय, बाबा वाचून दाखवतील." मी चौथीपर्यंत शिकले. मराठी छापील सगळं वाचते, पेपर रोज वाचते. इंग्रजी येत नाही. घरात बाकी सगळे पदवीधर.

ते गेले त्याच संध्याकाळी मी यांना विचारलं, "काय लिहिलंय हो त्या कागदावर?"

हे फ्रिजसमोर उभे राहिले, मान वर केली, खाली केली. "काही नाही. नखरे आहेत."

पुन्हा एकदा विचारलं, कुत्रा तीन दिवस उपाशी होता तेव्हा. म्हणाले, "सांगितलं ना, नखरे. इतक्या वाजता द्या, अशा वाटीत द्या." मी मग विचारलं नाही. इथे माझं चुकलं. कागद घेऊन मी खाली बेनकडे जायला हवं होतं. त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत होती, तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण घरात वाचणारा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

कांदेनवमी दरवर्षी आमच्याकडे असे. यांच्याकडचे सगळे यायचे. रावपुऱ्यातून नणंद आणि तिचे यजमान, दोन पुतणे, त्यांच्या बायका, आम्ही धरून आठ माणसं. सकाळी पहिलं थालीपीठ तव्यावर टाकलं आणि कुत्रा स्वयंपाकघरात आला. आपण होऊन. मी तुकडा तोडून फुंकून गार केला आणि खाली टाकला. त्याने खाल्ला. पुढचा तुकडा मागायला पुढचे पाय उचलून उभा राहिला. इतक्या महिन्यांत मी त्याला असं मागताना पाहिलं नव्हतं. मी अख्खं थालीपीठ घातलं, वर लोण्याचा गोळा. पहिला तुकडा माझ्या हातचा, हे मी कोणापासून लपवलं नाही.

मग दुपारी पंगत बसली आणि त्याची मजा झाली.

"वहिनी, बघा बघा, भजं खातोय!" नणंद ओरडली.

"अस्सल बडोदेकर आहे. इतके दिवस तुम्ही त्याला आजाऱ्याचं जेवण घालत होतात," नणंदेचे यजमान म्हणाले.

"काका, तुम्ही द्या, तुमच्या हातचं खातो का बघू."

यांनी दिलं. त्याने खाल्लं. यांचा चेहरा असा फुलला की जणू सरकारने मानपत्र दिलंय. "मी म्हणत नव्हतो? भूक लागली की खातो." फ्रिज यांच्या पाठीमागे दोन हातांवर होता. कागद त्यावरच होता. उरलेला कांदेभात मी दशमीला त्यालाच घातला, कारण एकादशीपासून घरात कांदा ठेवायचा नव्हता. तो आनंदाने खात होता आणि मी आनंदाने घालत होते.

एकादशीला तो गप्प पडून होता. नणंदेचा फोन आला, तिला सांगितलं, तर म्हणाली, "उपास करतोय बघा तुमच्याबरोबर." द्वादशीला काय झालं ते वर सांगितलंच.

डॉक्टरकडून घरी आल्यावर मी कुत्र्याला सोफ्यावर ठेवलं. सोफ्यावर त्याला बंदी होती. मग फ्रिजवरचा कागद काढला आणि यांच्या पुढ्यात धरला.

"वाचा."

"आत्ता काय त्याचं?"

"आत्ताच. मोठ्याने. एकेक ओळ, मराठीत."

यांनी चष्मा पुसला. पहिली ओळ, दोनदा खायला द्यावं. दुसरी ओळ, पाणी ताजं ठेवावं. तिसऱ्या ओळीला हे थांबले.

"वाचा ना."

"कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं देऊ नयेत."

"पुन्हा वाचा."

"झालं ना आता वाचून..."

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. त्या तिसऱ्या ओळीखाली सुनेने लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. रेघा मला रोज दिसायच्या. मला वाटायचं, वेळेचं काहीतरी असेल. यांना त्या काय वाटायच्या, मी विचारलं नाही. मी त्या दिवशी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी म्हटलं, "मी अडाणी आहे म्हणून याला विष घातलं. तुम्ही कशामुळे घातलंत?"

हे म्हणाले, "मी एकच भजं दिलं होतं."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन येऊन गेले. नणंद म्हणाली, तिने एकच दिलं. पुतणे म्हणाले, एकेकच. त्यांच्या बायका म्हणाल्या, आम्ही तर नुसता वास दिला. सगळ्यांनी एकेकच दिलेलं, आणि भज्यांची परात तर रिकामी झाली होती. शेवटी नणंद म्हणाली, "नजर लागली असेल, वहिनी. मीठ-मोहरी उतरवून टाका." मी फोन ठेवला.

डॉक्टरने रक्त भरून यायला उकडलेलं अंडं घालायला सांगितलं होतं. हे म्हणाले, "या घरात अंडं आलेलं नाही." मी म्हटलं, "विष आलं की."

आमच्या सोसायटीत अंड्याला बंदी, तशी पाटीच होती. म्हणून मी रिक्षाने रावपुऱ्यात गेले. आमलेटच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उभी राहिले, डोक्यावरून पदर घेऊन, या वयात. लारीवाल्याला म्हटलं, "सहा अंडी दे, आणि उकडतात कशी ते सांग." त्याने अंडी कागदात बांधली. "दस मिनट, माजी. पानी में." गॅलरीत वातीचा स्टोव्ह ठेवला, एक जुनं पातेलं त्यासाठी वेगळं काढलं. तोंडाला पदर लावून उकडलं, सोललं, कुस्करलं.

दुसऱ्या दिवशी बेन वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काकी, इंडांनी वास आवे छे. लोक बोलतात. मीटिंगमध्ये निघेल."

"काढा मीटिंग," मी म्हटलं. "मी कुत्र्याला घेऊन येते. तो मरायला लागला की तुम्ही पाटी वाचून दाखवा त्याला."

आत सोफ्यावर कुत्रा पडला होता, पायाला पट्टी. बेन आत आल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टरफलं तुमच्या कचऱ्यात टाकू नका. कचरेवाली सांगते सगळ्यांना. कागदात बांधून द्या, माझा नवरा स्कूटरवरून जाताना बाहेर टाकेल." मीटिंग निघाली नाही.

आणि एवढं करून, तो अंड्याचा पांढरा भाग खायचा आणि पिवळा वाटीच्या कडेला ठेवायचा. सगळं करून वर नखरे तेच. मला इतका राग आला की मी वाटी आपटली. मग पिवळा मी बोटाने त्याच्या टाळूला लावला, थोडा थोडा, पाऊण तास. तो गिळायचा आणि माझ्याकडे रागाने बघायचा. मीही.

पाचव्या दिवशी मूत पिवळं झालं. सातव्या दिवशी तो आपल्या पायांनी सोफ्यावरून उतरला. नातीचा फोन आला. "आजी, तो काय खातो?" मी म्हटलं, "अंडं." पलीकडे ती हसली. बाकी मी तिला सांगितलं नाही. तिच्या आईला सांगितलं.

तो कागद यांच्याकडून मी मराठीत लिहून घेतला. मोठ्या अक्षरात, त्यांच्याच हाताने, एकही ओळ न गाळता. फ्रिजवर लावला. त्या कागदावरून मी त्याला पुढे नऊ वर्षं खायला घातलं. कांदेनवमीला माणसं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत, मी बोलावलीच नाहीत. हे त्यावरून शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत आणि मीही मनधरणी केली नाही.

कुत्रा त्यातून वाचला.