घटक सहा : गैरहजर

गेल्या अकरा वर्षांत माझ्या सहीने चौदाशे बारा प्रमाणपत्रं बाहेर पडली. त्यांतलं एकच चुकीचं होतं. ते माझ्या बायकोचं होतं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक खासगी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे परीक्षा आणि दाखले हे माझं खातं. वायरमन, शिवणकाम, फळप्रक्रिया असे आमचे अभ्यासक्रम. प्रत्येक अभ्यासक्रमाचे घटक पाडलेले असतात. सगळे घटक उत्तीर्ण झाले तर जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं, अनुक्रमांक छापलेलं प्रमाणपत्र मिळतं. एक जरी राहिला तर मिळते ‘अंशतः पूर्णतेची नोंद’. साधा पांढरा कागद. झालेले घटक तेवढे लिहायचे, राहिलेला घटक स्पष्ट नमूद करायचा. किनार नाही. हा कागद हातात घेताना माणसं असा चेहरा करतात, की जणू जेवायला बोलावून आपण त्यांना नुसतं लिंबू वाढलं!

चुका होऊ नयेत म्हणून मी स्वतः बारा नियम तयार केले होते. प्रत्येक ओळ दोघांनी तपासायची, आधी मी, मग माझे सहकारी सुर्वे. आणि नियम नऊ : उमेदवार आपला नातेवाईक असेल तर त्याच्या ओळीकडे बघायचंसुद्धा नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. संचालकांनी तो वाचून ‘वा!’ म्हटलं होतं. (बाकीच्या अकरा नियमांना ते काही म्हणाले नव्हते.)

गेल्या वर्षी वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, आमच्याच केंद्रात फळप्रक्रियेला नाव घातलं. सात घटक. त्या क्षणापासून मी नियम नऊ घरातही लागू केला. ती पाकाच्या तारेबद्दल काही विचारायला लागली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो.

एकदा तिने विचारलं, “अहो, सहाव्या घटकाच्या परीक्षेदिवशीच वेळणेश्वरला ताईच्या नातीचं बारसं आहे. नाही बसले त्या पेपरला तर चालेल का?”

“मी त्या विषयावर बोलणार नाही,” मी म्हणालो. “मी संबंधित आहे.”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“एवढंच तर सांगता येत नाही!”

ती सरळ वेळणेश्वरला निघून गेली. बारसं चांगलं झालं. मुलीचं नाव ओवी ठेवलं.

निकालाच्या दिवशी मी यादी तपासायला घेतली. वृंदाची ओळ आली तशी मी तिच्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवली आणि सुर्व्यांना म्हटलं, “या ओळीशी माझा संबंध नाही.” सुर्वे स्वभावाने संकोची माणूस. त्यांच्या मनात आलं, साहेबांच्या घरचं प्रकरण, आपण कशाला डोकवा! त्यांनी पट्टी उचलली नाही. खालच्या ओळीपासून पुढे तपासत गेले. आणि आमचा संगणक असा, की ज्याच्या नावापुढे कुणी ‘अपूर्ण’ची खूण केली नाही, त्याला तो बेधडक सोनेरी किनार देतो. (ही सोयसुद्धा मीच मागून घेतली होती.)

वृंदाला प्रमाणपत्र मिळालं. कार्यक्रमात टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. एवढं मात्र नियमात बसत होतं.

तीन महिने सुखाचे गेले. मग एका मंगळवारी पत्र आलं : शुक्रवारी तपासणी. बाहेरून अधिकारी येणार, हाताला येतील त्या फायली काढणार. मी शांत होतो. मी सहसा शांतच असतो. म्हटलं, एकदा सगळे दाखले निकालपटाशी ताडून बघू. दुपारी सव्वातीनला फळप्रक्रियेच्या पटावर माझं बोट फिरत फिरत वृंदाच्या नावावर आलं आणि चुकून पुढे सरकलं. घटक एक, उत्तीर्ण. दोन, तीन, चार, पाच, उत्तीर्ण. घटक सहा : गैरहजर.

घटक सहा म्हणजे स्वच्छता आणि सुरक्षितता!

मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा ती गैरहजरच होती.

“सुर्वे,” मी म्हटलं, “ही ओळ तुम्ही तपासलीत ना?”

“मी? साहेब, मला वाटलं तुम्ही घरी बघितली असेल!”

“घरी मी वर्तमानपत्राच्या मागे असतो हो!”

सुर्वे खुर्चीत बसले. मग उठले. मग परत बसले. “आता काय ओ?”

आता काय, ते मला पाठ होतं, कारण नियम माझेच. चुकीच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत परत घ्यायची, आडव्या रेघा मारून रद्द करायची, उमेदवाराला लेखी कळवायचं, पोच घ्यायची आणि अंशतः नोंद द्यायची. पाच पायऱ्या. त्यांतल्या चार कागदाच्या होत्या. तिसरी, म्हणजे उमेदवाराला कळवायची, वृंदाची होती.

खरं सांगतो, तपासणी अधिकाऱ्याची मला भीती वाटत होती, पण ती आठ तासांची भीती होती. वृंदाबरोबर मला उरलेला जन्म काढायचा होता. म्हणून मी ठरवलं, की मूळ प्रत आधी गुपचूप काढून आणायची, सांगायचं नंतर बघू. (अकरा वर्षांच्या नोकरीत ‘गुपचूप’ हा शब्द माझ्या मनात पहिल्यांदा आला.)

प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलेलं होतं. बुधवारी सकाळी वृंदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी स्टुलावर चढलो. फ्रेम खिळ्यावरून काढली, पोटाशी धरली, आणि दारातून आवाज आला,

“काय चाललंय?”

“धूळ पुसतोय.”

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी कशाचीही धूळ पुसल्याची नोंद नाही. तिने बादली खाली ठेवली.

“फडकं कुठाय?”

मी शर्टाच्या बाहीने काच पुसायला लागलो. स्टूल डुगडुगलं. मी टीव्हीला धरलं. टीव्ही मला धरू शकला नाही. तो वाचला, पण फ्रेम हातातून निसटली आणि काचेचे लहान-मोठे तुकडे खोलीभर झाले. मी स्टुलावरूनच आधी कागद उचलायला वाकलो (पाय कापतील हे नंतर सुचलं), आणि बघतो तर काय, सोनेरी किनारीवर बोट फिरवलं की रंग बोटाला लागतोय!

“ही झेरॉक्स आहे?” मी ओरडलोच.

“मग! मूळ प्रत कोण भिंतीवर लावतं? ती कारखान्यात दिलीय.”

“कुठल्या?”

“तुमच्या केंद्राच्या मागच्या. आंब्याचा पल्प डबाबंद करतात तो. काल सांगणार होते, पण तुम्ही कालपासून भुतासारखे फिरताय. मला पर्यवेक्षक म्हणून घेतलंय. सोमवारपासून!”

तिचा चेहरा असा फुलला होता की मला स्टुलावरून उतरवेना. दहावीनंतर लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलीचं शिक्षण. स्वतःच्या नावाची पहिली नोकरी तिला सेहेचाळिसाव्या वर्षी लागली होती. आणि ती मी दिलेल्या खोट्या कागदावर उभी होती!

त्या दिवशी मी ऑफिसात काय काम केलं ते आठवत नाही. डोळ्यांपुढे फक्त पल्पचे डबे दिसत होते. स्वच्छतेचा पेपर न दिलेली पर्यवेक्षक, तिच्या देखरेखीखाली भरलेले डबे, ते डबे दुबईला गेलेत, तिथे फुगलेत, एकेक करून फुटतायत, आणि प्रत्येक डब्यावर अनुक्रमांकाच्या जागी माझी सही! एका डब्यातून तर संचालक बाहेर आले आणि ‘वा!’ म्हणाले.

सुर्वे म्हणाले, “साहेब, वहिनींना सरळ सांगून टाका.”

“तुम्ही सांगता का?”

“मी संबंधित नाही,” सुर्वे घाईने म्हणाले आणि डबा खायला गेले.

तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. मग जे जमतं ते केलं. गुरुवारी सकाळी वृंदा घावणे घालत होती. मी तिच्या ताटाशेजारी केंद्राचा लिफाफा ठेवला, त्यावर पोचवही ठेवली, वहीवर पेन ठेवलं, आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिलो.

तिने हात पुसले. लिफाफा फोडला. मोठ्याने वाचायला लागली.

“‘महोदया’... अहो, हे मला आहे?”

“हो.”

“‘आपणांस देण्यात आलेले प्रमाणपत्र कार्यालयीन नजरचुकीने निर्गमित झाले असून...’ निर्गमित म्हणजे?”

“दिलं गेलं.”

“‘घटक सहामध्ये आपण गैरहजर असल्याने सदर प्रमाणपत्र रद्द समजावे. गैरसोयीबद्दल दिलगिरी.’ खाली सही.” ती थांबली. “सही तुमची आहे.”

“हो.”

तव्यावरचा घावणा करपायला लागला.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” ती अगदी हळू म्हणाली. “हो की नाही, एवढंच. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, चालत असेल. उरलेल्या सहा घटकांची सरासरी काढत असतील.”

“सरासरी काढत नाहीत,” मी म्हणालो. (माणसाने कुठे गप्प बसावं, हे मला त्या बारशाच्या वेळी नको तिथे कळलं आणि आता हवं तिथे कळलं नाही.)

“सोमवारी मी रुजू होणार आहे, कळतंय का तुम्हाला? ताईला सांगितलंय. आपल्या पोरीला सांगितलंय. ती म्हणाली, ‘आई, तू भारी आहेस!’ आता तिला काय सांगू? बाबांच्या नियमात बसत नव्हतं म्हणून सांगू?”

तिने गॅस बंद केला, पेन उचललं, पोचवहीत सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. मग साडी बदलली, चप्पल पायात सरकवली आणि बाहेर पडली. कुठे चाललीस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी बारा वाजता केंद्रात माझ्या टेबलावर मूळ प्रत येऊन पडली. समोर वृंदा.

“घ्या. मॅनेजरसाहेबांना सगळं खरं सांगितलं. आता तुमचं ते दुसरं द्या, किनार नसलेलं.”

“ते काय म्हणाले?”

“आधी कागद.”

मी प्रमाणपत्रावर दोन आडव्या रेघा मारल्या. त्या जयगडच्या खाडीतल्या लाटांसारख्या आल्या. मग अंशतः नोंद तयार केली. सुर्व्यांनी या वेळी तिच्यातला प्रत्येक शब्द बोट ठेवून तपासला, मागची कोरी बाजूसुद्धा. वृंदा कागद घेऊन परत कारखान्यात गेली.

शुक्रवारी तपासणीला मॅडम आल्या. बारीक, चष्मेवाल्या, अजिबात न हसणाऱ्या. दीडशे फायलींच्या गठ्ठ्यातून त्यांनी पहिलीच फाईल काढली ती कुणाची, हे सांगायला नकोच. चूक, नोटीस, पोच, रद्द प्रत, नवी नोंद, सगळं क्रमाने लावलेलं. त्या वाचत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला कानात हातोडी मारल्यासारखा येत होता.

“दुरुस्ती व्यवस्थित आहे,” त्या म्हणाल्या. “पण चूक झाली कशी?”

मी नियम नऊ सांगितला. पट्टी सांगितली. सुर्वे खिडकीबाहेर बघत होते.

“म्हणजे नातेवाईकाची ओळ तपासायची नाही, हे तुम्ही लिहिलंत. मग ती तपासायची कुणी, हे कुठे लिहिलंय?”

मी बारा नियम डोक्यात वरपासून खालपर्यंत वाचले. खालपासून वर वाचले. “कुठेच नाही,” मी म्हणालो.

“आणि उमेदवाराला पेपर बुडवला तर काय होतं, हे कुणी सांगितलं होतं का?”

“उमेदवाराने विचारलं होतं, मॅडम.”

“कुणाला?”

“मला.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी संबंधित आहे, असं.” मॅडमनी चष्मा काढला, पुसून परत लावला आणि शेरा लिहिला. दोनच ओळींचा. मी तो इथे देणार नाही. एवढंच सांगतो, की त्यात ‘केंद्र’ हा शब्द एकदा आणि माझं आडनाव दोनदा होतं.

घरी आलो तेव्हा वृंदा मुलीशी फोनवर बोलत होती. मी पायरीवरच थांबलो. “अगं, मॅनेजर म्हणाले, प्रमाणपत्रावर नुसतं उत्तीर्ण असतं. या कागदावर तुम्हाला काय येतं आणि काय राहिलंय, दोन्ही लिहिलंय. शिवाय स्वतःहून येऊन सांगितलंत. लेबलच्या विभागात सोमवारपासून या. सहावा घटक सुटला की पर्यवेक्षक... हो गं, देणारच आहे पेपर. बाबा? आहेत. दारात उभे आहेत. घाबरलेत.”

पुढच्या परीक्षेत वृंदा सहाव्या घटकात पहिली आली. नवं प्रमाणपत्र तयार झालं तेव्हा मी संचालकांची लेखी परवानगी काढली, तिची ओळ सुर्व्यांच्या समोर स्वतः तीनदा तपासली, आणि संध्याकाळी कागद घरी नेऊन दोन्ही हातांनी तिला दिला.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “शंभर टक्के.”

“नक्की?”

“मी स्वतः बघितलंय.”

वृंदाने मान डोलावली, फोन काढला, कागदाचा फोटो घेतला आणि तपासणीच्या मॅडमना पाठवून दिला. (त्यांचा नंबर तिने कधी मिळवला, ते मला आजही माहीत नाही.) दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘बरोबर आहे. अभिनंदन.’ तेव्हा कुठे ती खूश झाली, आणि मला चहा मिळाला.